मंदीत पैसा कुणाच्या हातात?

२० जुलै २०१० रोजी दुपारी कार्ट गुडविन नावाच्या ३६ वर्षांच्या वकिलाने अमेरिकेच्या सिनेटमध्ये शपथ घेतली. वेस्ट व्हर्जिनियाचे ज्येष्ठ सिनेटर रॉबर्ट बर्ड ९२ व्या वर्षी वारले होते आणि त्यांच्या जागी गुडविनची तात्पुरती नेमणूक झाली होती. शपथ होऊन काही मिनिटं होतात न होतात तोच मतदान पुकारलं गेलं. तिथे चर्चेचं गुऱ्हाळ चालू ठेवून विधेयक रोखून धरायची विरोधकांना मुभा असते. ती कोंडी फोडायला १०० पैकी ६० मतं लागतात. त्या दिवशी मोजून ६० पडली. एक सत्ताधारी डेमोक्रॅट फुटला, मेन राज्याच्या दोन रिपब्लिकन महिला सिनेटर बाजूने आल्या, आणि उरलेली उणीव गुडविनने भरून काढली.

एवढा आटापिटा होता बेकारी भत्त्याची मुदत वाढवण्यासाठी. डिसेंबर २००७ मध्ये सुरू झालेली मंदी कागदोपत्री जून २००९ मध्ये संपली होती. पण ऑक्टोबर २००९ मध्ये बेकारीचा दर १० टक्क्यांवर गेला आणि त्यानंतर कित्येक महिने नऊच्या वरच ठाण मांडून बसला. अशात जून २०१० च्या सुरुवातीला वाढीव भत्त्याची मुदत संपली. संसदेत घोळ चालू राहिला आणि सात आठवड्यांत २५ लाखांहून अधिक लोकांचा भत्ता थांबला. विधेयकाचा खर्च होता साधारण ३४ अब्ज डॉलर. विरोधकांचं म्हणणं असं, की भत्ता द्यायचा तर द्या, पण आधी तेवढा खर्च दुसरीकडे कापून दाखवा.

त्याच उन्हाळ्यात आणखी एक वाद पेटला होता. जॉर्ज बुश यांनी २००१ आणि २००३ मध्ये केलेली आयकर कपात २०१० च्या अखेरीला संपणार होती. वर्षाला अडीच लाख डॉलरच्या वर मिळकत असलेल्या जोडप्यांसाठीही ती चालू ठेवायची, तर दहा वर्षांत सुमारे ७०० अब्ज डॉलरचा महसूल बुडणार होता. या रकमेची भरपाई कुठून करणार, असं विचारल्यावर अॅरिझोनाचे रिपब्लिकन सिनेटर जॉन काइल यांनी सांगितलं, की करकपातीची भरपाई करायची गरजच नसते. खर्चाला हिशोब हवा, करकपातीला नको. टीकाकारांनी हा दुटप्पीपणा ठरवला. पण काइल यांच्या बोलण्यामागे शंभर वर्षांहून जुना एक विचार होता, आणि त्याला हसण्याआधी तो समजून घ्यायला हवा.

रुमालावरची वक्ररेषा

विचार थोडक्यात असा. कारखाना काढतो, दुकान थाटतो, नवी माणसं कामावर घेतो तो पैसेवाला. त्याच्यावरचा कर कमी केला की त्याच्याकडे गुंतवायला जास्त पैसा राहतो, गुंतवणुकीवर मिळणारा परतावा वाढतो, धंदा वाढतो, रोजगार येतो, पगार वाढतात. वर ओतलेलं खाली झिरपतं, म्हणून याला ‘ट्रिकल डाउन’ म्हणतात. हे नाव विरोधकांनी ठेवलेलं. समर्थक स्वतःला ‘सप्लाय-साइड’वाले, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूचे म्हणवतात.

वाद मात्र नावापेक्षा जुना. १८९६ मध्ये शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅट नेते विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी दोन मतं समोरासमोर ठेवली होती: श्रीमंतांचं भलं केलं की ते खाली पाझरेल असं मानणारे एकीकडे, आणि जनसामान्यांचं भलं केलं की ते वर चढत जाईल असं मानणारे दुसरीकडे. १९३२ मध्ये महामंदी ऐन भरात असताना विनोदी लेखक विल रॉजर्सने अध्यक्ष हूव्हर यांची याच मुद्द्यावर टर उडवली. इंजिनिअर असलेल्या हूव्हर यांना पाणी खाली झिरपतं हे माहीत आहे, पण पैसा वर झिरपतो हे माहीत नाही, असा त्याच्या टोल्याचा आशय होता.

आजच्या रूपातला सिद्धांत मात्र १९७० च्या दशकातला. १९७४ मध्ये वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात अर्थतज्ज्ञ आर्थर लाफर, पत्रकार ज्युड वानिस्की आणि फोर्ड सरकारातले डिक चेनी जेवायला बसले होते. लाफर यांनी रुमालावर एक वक्ररेषा काढून दाखवली, अशी आख्यायिका वानिस्कींनी पुढे लोकप्रिय केली. लाफर यांना स्वतःला ते नीटसं आठवत नाही. रेषेतलं तर्कशास्त्र सोपं आहे. कराचा दर शून्य असेल तर महसूल शून्य. दर १०० टक्के असेल तर कुणी कमावणारच नाही, म्हणून तेव्हाही शून्य. मधे कुठेतरी महसुलाचं शिखर असतं. दर त्या शिखराच्या पलीकडे गेला असेल, तर तो कमी केल्यावर महसूल उलट वाढतो.

यात चूक काही नाही. मेख एवढीच, की शिखर कुठे आहे हे रुमाल सांगत नाही. रोनाल्ड रेगन १९८१ मध्ये सत्तेवर आले तेव्हा आयकराचा सर्वोच्च दर ७० टक्के होता. त्यांनी तो आधी ५० वर आणि शेवटी २८ वर आणला. सत्तरवरून खाली येण्यात लाफर यांचा मुद्दा जोरकस होता. पण २००१ मध्ये बुश यांनी कपात केली तेव्हा सर्वोच्च दर होता ३९.६ टक्के, आणि तो ३५ वर आला. दोन्ही वेळी युक्तिवाद एकच, परिस्थिती मात्र निराळी. रेगन यांच्या काळातही सगळं हिशोबाप्रमाणे घडलं नाही. त्यांचेच अर्थसंकल्प प्रमुख डेव्हिड स्टॉकमन यांनी १९८१ च्या अखेरीस एका पत्रकाराजवळ कबूल केलं, की सप्लाय-साइड म्हणजे जुन्या झिरपण्याच्या सिद्धांतालाच चढवलेला नवा अंगरखा आहे. १९८२ मध्ये रेगन यांनाच काही कर वाढवावे लागले, आणि त्यांच्या आठ वर्षांत केंद्राचं कर्ज जवळजवळ तिप्पट झालं. १९८३-८४ मध्ये अर्थव्यवस्था जोमाने उसळली हे खरं. मात्र त्याच सुमारास मध्यवर्ती बँकेने आकाशाला भिडलेले व्याजदर खाली आणले होते, त्यामुळे श्रेय कुणाला किती, यावर अजून भांडण आहे.

९९ आठवडे

आता दुसरी बाजू. अमेरिकेत बेकारी भत्ता हा विमा आहे. विस्कॉन्सिन राज्याने १९३२ मध्ये पहिला कायदा केला आणि १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने तो देशभर पोचला. हप्ता मुख्यतः मालक भरतो. जो मालक जास्त माणसं काढतो त्याचा हप्ता चढतो, त्यामुळे घाऊक कपातीला थोडा लगामही बसतो. राजीनामा देऊन घरी बसणाऱ्याला सहसा काही मिळत नाही, गैरवर्तनासाठी काढलेल्यालाही नाही. आपली चूक नसताना नोकरी गेली पाहिजे, आधी ठरावीक काळ काम केलेलं असलं पाहिजे, आणि काम शोधतोय व मिळालं तर लगेच करू शकतो, हे वारंवार लिहून द्यावं लागतं.

मिळतं किती? ढोबळमानाने जुन्या पगाराच्या निम्मं, पण प्रत्येक राज्याची कमाल मर्यादा वेगळी. २०१० मध्ये देशाची सरासरी आठवड्याला ३०० डॉलरच्या आसपास होती. मिसिसिपीत तर कमाल मर्यादाच २५० डॉलरच्या आत. आठवड्याला ८०० डॉलर कमावणाऱ्या माणसाच्या हाती ३०० ते ४०० यायचे. घराचं भाडं, गाडीचा हप्ता आणि किराणा यांतच ते संपायचे.

एरवी हा भत्ता बहुतेक राज्यांत २६ आठवडे मिळतो. मंदीत केंद्राने आपत्कालीन योजनेचे चार टप्पे जोडले: २०, १४, १३ आणि ६ आठवड्यांचे. त्यावर बेकारी जास्त असलेल्या राज्यांना आणखी २०. सगळे मिळून ९९ आठवडे. त्या काळात अमेरिकेत ‘नाइंटी-नायनर्स’ असा शब्दच रूढ झाला. ९९ आठवडे संपूनही ज्यांना काम मिळालं नव्हतं, ते हे लोक.

अमेरिकेतल्या मराठी घरांनाही ही व्यवस्था ठाऊक आहे, पण बाहेरून. एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या अभियंत्याचा व्हिसा मालकाला बांधलेला असतो. नोकरी गेली की नवा मालक शोधायला आता साठ दिवसांची मुदत मिळते. मंदीच्या त्या काळात तीही नव्हती. भत्त्याची अट अशी, की माणूस कुठलंही योग्य काम लगेच धरायला मोकळा हवा. व्हिसामुळे तो मोकळा नसतो, म्हणून त्याला भत्ता सहसा नाकारला जातो. न्यू जर्सीत तर या विम्यापोटी कर्मचाऱ्याच्या पगारातूनही थोडी रक्कम कापली जाते. म्हणजे हप्ता भरायचा, पण गरज पडली तर हात रिकामे.

माणसं आळशी होतात का?

भत्त्यावरचा सर्वांत जुना आक्षेप हाच. घरबसल्या पैसे मिळाले तर काम कोण शोधेल? हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ रॉबर्ट बॅरो यांनी ऑगस्ट २०१० मध्ये गणित मांडलं, की मुदत ९९ आठवड्यांपर्यंत वाढवली नसती तर बेकारीचा दर ९.५ ऐवजी ६.८ टक्के असता. आक्षेप हवेतला नाही. भत्त्याची मुदत संपत आली की बेकारांच्या यादीतून बाहेर पडणाऱ्यांची संख्या एकदम वाढते, हे १९९० पासूनच्या अभ्यासांत दिसलं होतं.

पण यादीतून बाहेर पडलेली माणसं जातात कुठे? ऑस्ट्रियातल्या नोंदी तपासणाऱ्या डेव्हिड कार्ड, राज चेट्टी आणि आंद्रेआ वेबर यांना आढळलं, की त्यांतल्या बहुतेकांनी फक्त नाव काढलेलं असतं, नोकरी मिळालेली नसते. दिल्लीत जन्मलेल्या चेट्टींनी २००८ मध्ये आणखी एक मुद्दा मांडला. भत्ता मिळणारा माणूस जास्त दिवस काम शोधतो हे खरं, पण या जादा दिवसांपैकी सुमारे ६० टक्के दिवसांचं कारण आळस नसून रोकड आहे. खिशात चार पैसे असले की माणूस मिळेल ते काम धरायची घाई करत नाही, आपल्या कौशल्याला साजेसं शोधतो. ज्याच्याकडे बचत असते तो भत्त्याविनाही तेच करतो.

२००८ नंतरच्या मुदतवाढीवर नेमकं बोट ठेवलं ते बर्कलेचे अर्थतज्ज्ञ जेसी रॉथस्टीन यांनी. त्यांच्या हिशोबाने २०११ च्या सुरुवातीला बेकारीच्या दरात या मुदतवाढीमुळे पडलेली भर ०.१ ते ०.५ टक्के बिंदूंची होती. त्यातलीही निम्मी किंवा जास्त भर अशा लोकांची, जे भत्ता नसता तर काम शोधणंच सोडून देते. काम शोधणं सोडलेला माणूस आकडेवारीत बेकार धरला जात नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शिवाय एक साधा आकडा या वादात विसरला जात होता. २००९ च्या मध्याला अमेरिकेत दर रिकाम्या जागेमागे सहाहून अधिक बेकार होते. सहाही जणांनी पहाटे उठून अर्ज केले तरी पाच जण घरीच परतणार. भत्ता तोडून एखादा चपळ होईल, पण त्याला मिळालेली जागा दुसऱ्याच्या तोंडची असेल. तेजीच्या दिवसांत, जागा पडून आहेत आणि माणसं मिळत नाहीत अशा वेळी, बॅरो यांचा आक्षेप वजनदार ठरतो. मंदीत नाही.

एक डॉलर किती फिरतो?

अशीच तपासणी करकपातीचीही करायला हवी. पैसा हातात नसल्यामुळे उद्योजक थांबले होते का? २०१० मध्ये अमेरिकेतल्या बिगरवित्तीय कंपन्यांकडे सुमारे १,८०० अब्ज डॉलरची रोकड आणि तत्सम मालमत्ता पडून होती. व्याजदर शून्याला टेकले होते. छोट्या उद्योजकांची एक मोठी संघटना आपल्या सभासदांना दरमहा विचारते, की तुमची सर्वांत मोठी अडचण कोणती. ही संघटना कर आणि सरकारी नियमांच्या विरोधात नेहमी पुढे असते. तरीही त्या काळात सभासदांच्या उत्तरांत पहिल्या क्रमांकावर होती खपाची मारामार. गिऱ्हाईकच नाही तर यंत्र कशाला घ्यायचं आणि माणूस कशाला ठेवायचा? अशा वेळी वरच्याला दिलेला जादा डॉलर बँकेत जाऊन बसतो.

बेकाराच्या हातातला डॉलर बसत नाही. अर्थतज्ज्ञ पीटर गॅनॉंग आणि पास्कल नोएल यांनी एका मोठ्या बँकेची लाखो खाती तपासली. नोकरी गेल्यावर घरखर्च साधारण ६ टक्क्यांनी घटतो, भत्ता चालू असेपर्यंत तो हळूहळू उतरतो, आणि भत्ता संपल्याच्या महिन्यात एकदम १२ टक्क्यांनी कोसळतो. भत्ता संपणार ही तारीख आधीपासून माहीत असूनही. याचा सरळ अर्थ, भत्त्याचा पैसा हाती येताच खर्च होतो. त्यावर किराणा दुकानदाराचा पगारी नोकर टिकतो, घरमालकाचा हप्ता सुटतो, आणि तोच डॉलर पुन्हा फिरतो.

संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने जानेवारी २०१० मध्ये निरनिराळ्या उपायांची तुलना केली. हे कार्यालय कुठल्याच पक्षाचं नाही. बेकारांच्या मदतीवर खर्च केलेल्या एका डॉलरमागे उत्पादनात ७० सेंट ते १ डॉलर ९० सेंटची भर पडेल, असा त्यांचा अंदाज होता; आयकर कपात लांबवण्यावर घालवलेल्या एका डॉलरमागे फक्त १० ते ४० सेंट. २००८ च्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांना सल्ला देणारे मार्क झँडी यांचेही आकडे याच दिशेचे होते. पुढे अर्थतज्ज्ञ ओवेन झिडार यांनी युद्धोत्तर काळातल्या करबदलांचा अभ्यास केला. खालच्या ९० टक्क्यांना दिलेल्या करकपातीने रोजगार वाढला. वरच्या १० टक्क्यांना दिलेल्या कपातीचा परिणाम नगण्य निघाला.

सौदा आणि पुढचे प्रयोग

डिसेंबर २०१० मध्ये ओबामा आणि रिपब्लिकन नेत्यांनी हातमिळवणी केली. बुश यांची करकपात सर्वांसाठी, अतिश्रीमंतांसह, दोन वर्षं चालू राहिली; बदल्यात बेकारी भत्ता १३ महिने वाढला आणि पगारावरचा सामाजिक सुरक्षा कर वर्षभरासाठी ६.२ वरून ४.२ टक्क्यांवर आला. सगळं मिळून सुमारे ८५८ अब्ज डॉलर, त्यात बेकारांचा वाटा ५७ अब्जांच्या आसपास. सिनेटर बर्नी सँडर्स यांनी निषेध म्हणून साडेआठ तास उभं राहून भाषण केलं. सौदा तरीही मंजूर झाला.

यानंतर झिरपण्याच्या सिद्धांताची परीक्षा मंदीबाहेरही झाली. कॅन्ससचे गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी २०१२ मध्ये आयकर जोरात कापला आणि कित्येक व्यावसायिकांचं उत्पन्न करमुक्तच केलं. अपेक्षित तेजी आली नाही, तिजोरी रिती झाली, शाळा आणि रस्त्यांच्या पैशाची ओढाताण झाली. २०१७ मध्ये त्यांच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या विधिमंडळाने नकाराधिकार झुगारून कपात मागे घेतली. सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या सरकारने ४५ टक्क्यांचा वरचा दर रद्द करायची घोषणा केली. महागाई भडकलेली, कर्ज वाढलेलं. रोखे बाजार गडगडला. दहा दिवसांत घोषणा मागे घ्यावी लागली आणि ट्रस यांचं पद ४९ दिवसांत गेलं. १८ प्रगत देशांच्या ५० वर्षांच्या आकड्यांवर डेव्हिड होप आणि ज्युलियन लिंबर्ग यांनी काढलेला निष्कर्ष या दोन्ही प्रसंगांशी जुळतो: श्रीमंतांची करकपात विषमता वाढवते, वाढीवर आणि बेकारीवर तिचा म्हणण्यासारखा परिणाम दिसत नाही.

गोव्यातली घोषणा, महाराष्ट्रातली योजना

मंदीत पैसा कुणाच्या हातात द्यायचा, हा प्रश्न भारतात २०१९ मध्ये उभा राहिला. एप्रिल-जून तिमाहीत वाढीचा दर ५ टक्क्यांवर घसरला. ऑगस्टमध्ये प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीच्या तुलनेत ३० टक्क्यांहून अधिक घटली. पुण्याच्या वाहनपट्ट्यात कारखाने काही काही दिवस बंद ठेवायची पाळी आली. २० सप्टेंबरला जीएसटी परिषदेसाठी गोव्यात असलेल्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पणजीत घोषणा केली: सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्के, नव्या कारखान्यांना १५ टक्के. सरकारने सोडलेला महसूल १ लाख ४५ हजार कोटी रुपये. सेन्सेक्स त्या दिवशी १,९०० अंशांहून अधिक उसळला. कराचे दर शेजारी देशांच्या तोडीचे करणं हा दूरचा विचार म्हणून समजण्यासारखा होता. पण त्या वेळी गाडी अडली होती शोरूममध्ये, आणि गिऱ्हाईकाच्या खिशात या घोषणेने काही पडलं नाही. पुढे सहा महिन्यांत करोना आला आणि स्पष्ट निकाल हाती लागला नाही.

दुसऱ्या टोकाचा उपाय महाराष्ट्राने फार आधी केला होता. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलाव खणायला सरकारी कामांवर आली. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला पुढे कायद्याचं रूप मिळालं. १९७७ चा हा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागितल्यावर १५ दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता. या योजनेसाठीच शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. पगाराच्या पावतीवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये ‘पीटी’ म्हणून कापलेले दिसतात, त्याचं मूळ इथे आहे.

अमेरिकेच्या वादाच्या दृष्टीने रोजगार हमी योजनेतली दोन वैशिष्ट्यं महत्त्वाची. एक, आळसाचा आक्षेप ती मुळातच खोडून काढते. घाम गाळायला तयार असलेलाच कामावर येतो. दोन, दुष्काळ पडला की मजुरांची संख्या आपोआप फुगते आणि पाऊस चांगला झाला की आपोआप ओसरते. कायद्याच्या तत्त्वानुसार त्यासाठी दरवेळी विधिमंडळात मतांची जुळवाजुळव करावी लागत नाही. प्रत्यक्षात हजेरीपटावरची खोटी नावं, महिनोन्‌महिने थकलेली मजुरी, न मिळालेला भत्ता या तक्रारी योजनेच्या पाचवीला पुजल्या, हेही तितकंच खरं. शहरी नोकरदाराला तिचा उपयोग नाही. त्याच्यासाठी कर्मचारी राज्य विमा महामंडळाची २०१८ ची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. त्यात ९० दिवसांपर्यंत पगाराच्या २५ टक्के मिळायचे, २०२० मध्ये ते ५० टक्के झाले. पण विमा महामंडळाच्या कक्षेत नसलेल्या कोट्यवधींना तेही नाही.

म्हणून कुठलंही ‘पॅकेज’ जाहीर झालं की मदतीच्या लायकीचं कोण, यावर वाद घालण्याआधी या घडीला बाजारात तुटवडा कशाचा आहे ते पाहावं. कर सत्तर टक्के असेल, भांडवल दुर्मिळ असेल, मागणी असूनही कारखाने उभे राहत नसतील, तर वरच्यांना मोकळीक देण्यात अर्थ आहे. माणसं मिळत नसतील तर भत्त्याची मुदत आवळण्यातही अर्थ आहे. पण गोदामं भरलेली, दुकानं ओस आणि एका जागेमागे सहा उमेदवार, अशी स्थिती असेल तर तुटवडा गिऱ्हाईकाचा असतो. तो बेकाराला चार महिने भाडं भरता येईल एवढे पैसे देऊनच भरून निघतो, आणि त्यातला बराचसा पैसा यथावकाश वरच्यांच्याच गल्ल्यात जाऊन पडतो.